झोपेची तयारी दिवेलागणीपासून



मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात चहाचे कप हातात आले की गुडघे, साखर आणि मुलांच्या ॲडमिशन हे तीन विषय आटोपतात आणि चौथा विषय झोपेचा निघतो. "पडल्यापडल्या झोप म्हणून लागत नाही हो." "आमचा चिरंजीव रात्री एकपर्यंत जागा, आणि सकाळी शाळेची व्हॅन दारात आली तरी अंथरुणात." "दिवसभर पेंगते आणि पाठ टेकली की टक्क जागी." मग उपायही तिथल्या तिथे सुचवले जातात. जायफळ घातलेलं दूध, तळपायांना तेल, नवी गादी, आणि हल्ली मेलॅटोनिनच्या गोळ्या.

यातले काही उपाय निरुपद्रवी आहेत, काहींनी बरंही वाटतं. पण हे सगळे उपाय रात्री अकराचे आहेत, आणि झोप बिघडायला सुरुवात होते ती बहुतेक घरांत संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान. म्हणून आजचा लेख बेडरूमपेक्षा हॉल आणि स्वयंपाकघराबद्दल जास्त आहे.

एका गावाचा भोंगा

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला हवं त्याने पुन्हा चालू करावं. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली आणि ग्रामसभेत ती ठरली.

कारण आपल्या ओळखीचंच होतं. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली. पुढे शाळा वर्गात परत गेली, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला. हे जमेल असं सुरुवातीला अनेकांना वाटत नव्हतं. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांशी बोलले, आणि गावाने ते मनावर घेतलं.

गावाचा हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता. पण झोपेच्या दृष्टीने पाहिलं तर त्यात आपल्याला घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. वेळ ठरलेली आहे, त्यामुळे रोज वाद घालावा लागत नाही. वेळ सगळ्यांची एकच आहे, म्हणजे "फोन ठेव" असं मुलाला सांगणारे बाबाही त्याच मिनिटाला आपला फोन ठेवतात. आणि ही कायमची बंदी नाही, दीड तासाचाच प्रश्न आहे.

जपानमधल्या तोयोआके शहरानेही १ ऑक्टोबर २०२५ पासून असाच एक नियम केला. काम आणि अभ्यास सोडून दिवसाला दोनच तास स्क्रीन, आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांनी रात्री नऊनंतर, त्याहून मोठ्यांनी दहानंतर फोन वापरू नये, असं त्यात सुचवलं आहे. त्याला दंड नाही, शिक्षा नाही. घराघरांत या विषयावर बोलणं सुरू व्हावं एवढाच उद्देश, आणि त्यामागचं एक मोठं कारण झोप हेच होतं.

आपल्या आजी-आजोबांच्या घरात वेगळ्या भोंग्याची गरज पडत नसे. दिवेलागण झाली की देवापुढे दिवा, हातपाय धुऊन शुभंकरोति, मग पाढे, मग लवकर जेवणं. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी दिवस संपत आल्याची एक खूण रोज सगळ्या घराला एकदम मिळत असे. आज बडोद्यातल्या फ्लॅटमध्ये बाहेर अंधार कधी पडला हेच आपल्याला कळत नाही. दुपारी चारला जो उजेड, तोच रात्री अकराला.

बडोद्याचा सूर्य उशिरा मावळतो

आता आपल्या गावाबद्दलची एक गोष्ट, जी झोपेच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. बडोदा आणि कोलकाता ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण बडोदा रेखांशाने १५ अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे तिथे सूर्य मावळल्यावर साधारण एका तासाने तो इथे मावळतो, आणि हे वर्षभर तसंच असतं. जूनच्या अखेरीस कोलकात्यात साडेसहाच्या आधी सूर्यास्त होतो, बडोद्यात जवळजवळ साडेसात वाजतात. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे पाचच्या आत, इथे सहाच्या सुमारास. घड्याळ मात्र देशभर एकच, आणि शाळांच्या वेळाही थोड्याफार फरकाने सारख्याच.

याचा मुलांवर काय परिणाम होतो हे अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी तपासलं. त्यासाठी त्यांनी भारत सरकारच्या १९९८-९९ च्या पाहणीतली माहिती वापरली. लोक दिवसाचे तास कशात घालवतात याची ती पाहणी होती, आणि त्यात गुजरातही होता. निष्कर्ष असा, की सूर्यास्त एक तास उशिरा असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते. सूर्य उशिरा मावळला की मुलं उशिरा झोपतात, पण सकाळची शाळा काही उशिरा भरत नाही. मग तो अर्धा तास भरून निघत नाही, आणि त्याचा परिणाम मुलांच्या शिक्षणावरही दिसतो.

ही आकडेवारी गोळा झाली तेव्हा घरात स्मार्टफोन नव्हता. म्हणजे नुसता सूर्यच आपल्या मुलांची झोप कमी करत होता, आणि आता त्यावर स्क्रीनची भर पडली आहे. बडोद्याच्या माणसाने संध्याकाळ जपायला हवी, ती कोलकात्याच्या माणसाहून थोडी जास्तच.

झोप येते कशी

झोप दोन गोष्टींनी येते. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे असतो तितकं मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची गरज वाढते. दुपारी दोन तास झोप काढली की हा दाब उतरतो, मग रात्री तो अकराला पुरेसा नसतो. चहा-कॉफीतलं कॅफिन या रसायनाला त्याचं काम करू देत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो, तो शरीराला दिवस-रात्रीची वेळ सांगतो. शरीरातली ही घड्याळं कशी चालतात याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज जुळवून घ्यावं लागतं, आणि ते जुळतं प्रकाशावर. डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही खास पेशी आहेत. उजेड आहे की अंधार, एवढं मेंदूला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. निळसर पांढऱ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. उजेड मंद झाला की नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधीपासून मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढू लागतं आणि शरीर आवराआवर सुरू करतं. म्हणजे अकराला झोपायचं असेल तर शरीराची तयारी नऊला सुरू व्हायला हवी. नेमक्या त्याच दोन तासांत आपण काय करतो, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावं.

स्क्रीन नक्की काय करते

अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या संशोधकांनी १२ जणांवर एक प्रयोग केला. तो डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच रात्री झोपण्यापूर्वी सुमारे चार तास उजळ टॅबलेटवर वाचायचं, आणि पाच रात्री मंद उजेडात छापील पुस्तक वाचायचं. टॅबलेटच्या रात्री लोकांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली, पुढे मेलॅटोनिन वाढण्याची वेळ दीड तासाने पुढे सरकली, आणि सकाळी ते जास्त झोपाळलेले होते.

मग स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड लावला की प्रश्न सुटला का? पुरता नाही सुटत. दहा मिनिटांचा फरक हा फार मोठा आकडा नाही, तोही चार तास पूर्ण उजेडात वाचल्यावरचा. फोनचा उजेड हा नुकसानाचा एक भाग आहे. बाकीचं नुकसान दोन वाटांनी होतं.

पहिली वाट म्हणजे वेळ. पुस्तकात प्रकरण संपतं, पूर्वी टीव्हीवरही कार्यक्रम संपायचा. रील्स संपत नाहीत, आणि मालिकेचा पुढचा भाग आपण काही न करता आपोआप सुरू होतो. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा झोपेशी आहे असं उघडपणे सांगितलं होतं. आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीने रात्री साडेअकराला स्वतःच्या निग्रहाने फोन ठेवावा अशी अपेक्षा करताना, समोर किती हुशार माणसांनी ते होऊ नये म्हणून काम केलेलं आहे हे लक्षात ठेवावं.

दुसरी वाट म्हणजे मन. बातम्यांच्या चॅनेलवरची भांडणं, ऑफिसचा एखादा मेल, कुटुंबाच्या ग्रुपवरचा टोमणा, मैत्रिणीने पाहूनही उत्तर न दिलेला मेसेज. दिवे मालवल्यावरही हे डोक्यात चालूच राहतं.

आपल्या घरांतल्या खऱ्या अडचणी

"फोन लांब ठेवा" हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो का पाळला जात नाही याची कारणं मात्र आपल्या घरांत वेगवेगळी आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिलं कारण म्हणजे परदेशातली मुलं. बडोद्यातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा रात्री साडेदहापर्यंत नातवाच्या व्हिडिओ कॉलची वाट पाहत बसतात. कॉल आला की आनंद, नाही आला की काळजी, आणि दोन्हींत झोप उडते. इथे वेळेचा नीट हिशोब करा. बडोद्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सी आणि टोरांटोमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. तिथली जेवणं झालेली, इथला पहिला चहा. ही वेळ ठरवून घ्या. इंग्लंडसाठी शनिवार-रविवारची आपली दुपार बरी पडते. आपले दोन वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ-साडेनऊ असतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-मेलबर्नकरांची संध्याकाळ तर आपल्या दुपारीच होते. परदेशातल्या तरुण वाचकांना एक विनंती. आई-बाबांना "वेळ मिळाला की करतो" असं सांगू नका. वार आणि वेळ सांगा. त्यांची झोप तुमच्या त्या एका वाक्यावर अवलंबून असते.

दुसरं कारण म्हणजे दहावी-बारावीची मुलं. ट्यूशनच्या नोट्स व्हॉट्सॲपवर येतात, त्याही रात्री दहाला. त्यामुळे "अभ्यास करतोय" हे खरंही असतं आणि सोयीचंही. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. सोळा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही यात त्याचा आळशीपणा नसतो. पण त्याची गरज कमी झालेली नसते. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी, ६ ते १२ वयात ९ ते १२ तास, आणि मोठ्यांना किमान ७ तास, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५-१६ मध्ये सांगितलं आहे. दिवसभरात वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागणं म्हणजे अर्ध्या अभ्यासावर पाणी सोडण्यासारखं आहे. नोट्स साडेआठपर्यंत उतरवून घ्याव्यात किंवा प्रिंट काढावी, आणि शेवटचा तास कागदावर करावा.

तिसरं कारण म्हणजे रात्रीचं ऑफिस. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी काम करणाऱ्या मुलामुलींचा शेवटचा कॉल अकराला संपतो. त्यांना "नऊला स्क्रीन बंद" सांगणं म्हणजे थट्टाच. त्यांनी आपली दिवेलागण पुढे न्यावी. शेवटचा कॉल ते अंथरूण यांत किमान पाऊण तास ठेवावा, त्या वेळात मोठे दिवे आणि फोन नको. सकाळी जाड पडदे लावून खोली अंधारी ठेवावी, आणि घरच्यांनी साडेसहाला मिक्सर लावताना दार ओढून घ्यावं.

चौथं कारण जरा नाजूक आहे. अनेक घरांत सूनबाई किंवा लहान मुलांची आई रात्री बारापर्यंत फोन पाहत असते आणि सगळे तिला बोलतात. पण दिवसभरात कोणी काही न मागता मिळालेला तोच एक तास असतो. पोळ्या, डबे, ऑफिस, गृहपाठ, सासूबाईंचं औषध, भांडी, उद्याची भाजी. अकरानंतर घर झोपतं तेव्हा तिचा दिवस सुरू होतो. तिच्या हातातला फोन काढून घेतला तर तिचा तासही जाईल आणि झोपही सुधारणार नाही. तिला तो तास संध्याकाळीच मिळायला हवा. रात्रीची आवराआवर नवऱ्याने आणि मुलांनी घेतली, तर साडेआठ ते साडेनऊ ती मोकळी राहील. वाचेल, फिरून येईल, मैत्रिणीशी बोलेल किंवा नुसती बसेल. अशा घरात झोपेचा उपाय भांड्यांच्या सिंकपाशी आहे.

घरची दिवेलागण कशी ठरवायची

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू. सगळं एकदम करू नका, दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा.

उठण्याची वेळ आधी ठरवा. झोपण्याची वेळ आपल्या हातात पूर्ण नसते, उठण्याची असते. रविवारीसुद्धा तासाभरापेक्षा जास्त फरक नको. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाल्कनीत, गच्चीवर किंवा कमाटीबागेत उजेडात जा. सकाळचा उजेड घड्याळ मागे ओढतो, त्यामुळे रात्री झोपही लवकर येते. उशिरा सूर्यास्त असलेल्या आपल्या गावाला याचा उपयोग विशेष.

शेवटचा चहा चारच्या आसपास. संध्याकाळी पाहुणे आले तर त्यांना चहा द्यावा, आपण लिंबू सरबत किंवा ताक घ्यावं. मुलांच्या कोला आणि एनर्जी ड्रिंकलाही हाच नियम. दुपारची वामकुक्षी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत. ज्येष्ठांनी हे एवढंच केलं तरी फरक पडतो.

जेवण आठच्या आत आणि हलकं. रात्री आठवण झालीच तर सेव-उसळ रविवारी सकाळी खावी. जेवल्यावर सोसायटीत दहा-पंधरा मिनिटं चक्कर मारा, तीही फोन घरी ठेवून.

साडेनऊला मोठे दिवे बंद. हॉलमधली पांढरी ट्यूब मालवून एखादा पिवळा, कमी उजेडाचा दिवा लावा. यासाठी इंटीरियरवाल्याची गरज नाही, पन्नास-शंभर रुपयांचा बल्ब पुरतो. घरातल्या लहान मुलांना हा दिवा लावायचं काम द्या. त्यांना ते आवडतं आणि ती ते विसरत नाहीत.

फोन हॉलमध्ये झोपवा. घरातले सगळे चार्जर एकाच जागी, बेडरूमच्या बाहेर. "पण गजर?" हा पहिला प्रश्न येतो. मंगळबाजारात साधं गजराचं घड्याळ मिळतं, ते घ्या. "रात्री कोणाचा फोन आला तर?" हा दुसरा. रिंगर चालू ठेवा, फोन वाजला तर हॉलमधून ऐकू येतो. आणि पहिल्या रात्री चार्जरला पहिला फोन घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा लागू दे, मग बाकीच्यांना सांगावं लागत नाही.

उद्याची यादी कागदावर लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने ५७ तरुणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं दुसऱ्या दिवसाच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली. झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं आधी. कागदावर उतरलेलं काम डोक्यात फिरत राहत नाही.

अंघोळ झोपण्याच्या एक-दोन तास आधी, कोमट पाण्याने. त्वचेकडे रक्त येतं, शरीराची उष्णता बाहेर पडते, आणि शरीर थंड होऊ लागलं की झोप येते. बडोद्याच्या मे महिन्यातही हे लागू आहे.

हातात काय घ्यायचं हेही ठरवून ठेवा. नुसता फोन काढून घेतला तर रिकामा हात पुन्हा त्याच्याकडेच जातो. पत्ते, कॅरम, स्वेटरच्या सुया, पेटी, आणि अर्थातच पुस्तक. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालयांचं जाळं उभारलं, पेट्यांत भरून पुस्तकं खेड्यापाड्यांत पाठवली. त्या शहरात राहून आपल्या पलंगाशेजारी एक पुस्तक नसावं हे बरं नाही.

अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवा. पलंगावर लॅपटॉप, जेवण, बिलं असं सगळं केलं की मेंदूला ती जागा कामाची वाटू लागते. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर तळमळत पडू नका. उठा, मंद उजेडात दुसऱ्या खोलीत बसून काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत या. घड्याळाकडे पाहू नका.

आणि नवरात्र? गरबा बडोद्याचा प्राण आहे, तो सोडा असं कोण म्हणेल. आयपीएलचे सामनेही साडेसातला सुरू होऊन अकराच्या पुढे जातात. लग्नसराई आहे, गणपती आहेत. त्या दिवसांत खुशाल जागा, फक्त दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ फार हलू देऊ नका. दुपारी एक डुलकी काढा आणि सण संपला की त्याच दिवसापासून दिवेलागण पूर्ववत करा. झोप बिघडते ती नऊ रात्रींनी नाही, उरलेल्या साडेतीनशे रात्रींनी.

डॉक्टरांकडे कधी जायचं

काही त्रास संध्याकाळ सुधारून जात नाहीत. जोराचं घोरणं आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं, पुरेसं झोपूनही दिवसा गाडी चालवताना डोळा लागणं, रात्री पायांत विचित्र वळवळ, किंवा मन सतत उदास राहणं, यांपैकी काही असेल तर वेळ घालवू नका. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, असं तीन महिने झोप येत नसेल तर तो निद्रानाश समजला जातो. त्यावर गोळ्यांच्या आधी विचार आणि सवयी बदलण्याची शास्त्रीय उपचारपद्धती वापरावी असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचवलं आहे. तिची चौकशी डॉक्टरांकडे नक्की करा. शेजाऱ्यांची झोपेची गोळी घेऊ नका, आणि मुलांना मेलॅटोनिन स्वतःच्या मनाने देऊ नका.

चरकसंहितेत शरीराला आधार देणाऱ्या तीन गोष्टींत आहाराच्या बरोबरीने निद्रा सांगितली आहे. आपण जेवणाची वेळ, चव, पदार्थ सगळं ठरवतो, त्यावर घरात रोज चर्चा होते. झोपेबद्दल मात्र प्रत्येकाने आपापलं पाहावं असं धरून चालतो. वडगावच्या लोकांनी ती चर्चा ग्रामसभेत आणली. आपली ग्रामसभा म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. येत्या रविवारी तिथे आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांना बसवा आणि एकच प्रश्न विचारा, आपल्या घराची दिवेलागण किती वाजता? उत्तर मुलांना ठरवू द्या. नियम त्यांचा असला की मोठ्यांकडून तो पाळून घ्यायला ती फार कडक असतात.

चौदा दिवस करून पाहा. फ्रिजवर एक कागद लावून प्रत्येकाने सकाळी उठल्यावर किती ताजंतवानं वाटलं याला दहापैकी गुण द्यावेत. चौदाव्या दिवशी पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचे गुण शेजारी शेजारी मांडा. काय जमलं, कुठे अडलं, कोणी आधी नियम मोडला, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. निवडक अनुभव पुढच्या अंकात देऊ.

तोवर, शुभ रात्री. आणि हा लेख रात्री साडेनऊनंतर वाचत असाल, तर उरलेला अंक उद्या सकाळी वाचा.